दुर्बीण बदलण्याआधी

रायफलीवर बसविलेल्या दुर्बिणीचा ‘झिरो टिकत नाही’ अशी तक्रार पुढे आली की तिला एकच ठरीव उत्तर मिळते : दुर्बीण हलक्या प्रतीची आहे, ती उतरवा आणि भारी किमतीची, जमल्यास परदेशी बनावटीची, बसवून घ्या. झिरो म्हणजे दुर्बिणीतील फुलीचा मध्य आणि ठरावीक अंतरावर गोळी प्रत्यक्ष जिथे लागते तो बिंदू या दोहोंचा मेळ. हा मेळ आज साधला आणि आठवड्याभराने, चार गोळ्यांनंतर किंवा गाडीतून नेताना बिघडला, तर झिरो टिकला नाही असे म्हणतात. परवानाधारक शेतकरी, दुकानात सल्ला देणारा विक्रेता आणि वाडवडिलांची रायफल सांभाळणारा हौशी नेमबाज या तिघांचेही वरील उत्तरावर एकमत दिसते. तरीही हे उत्तर बहुतेक प्रसंगी चुकीचे, प्रत्येक प्रसंगी उतावळे आणि जिवंत प्राण्यावर रोखल्या जाणाऱ्या शस्त्राच्या बाबतीत सरळसरळ बेजबाबदार आहे, हे स्पष्टपणे मांडण्याची वेळ आली आहे.

आजच्या महाराष्ट्रात हा प्रश्न कोणाचा आहे, हे आधी पाहिले पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हौसेची शिकार हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. मात्र त्याच अधिनियमाचे ११ वे कलम, मानवी जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका निर्माण करणाऱ्या काही प्राण्यांना अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारण्याची तरतूद करते, आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने रानडुक्कर व नीलगाय यांच्याविषयी या परवानगीची कार्यपद्धती ठरवून दिली. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, तर गवा पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे पीक वाचविण्यासाठी त्याच्यावर बंदूक रोखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सातारा-सांगलीच्या ऊस, मका आणि भुईमुगाच्या पट्ट्यात ज्यांना पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळालेला आहे, त्यांच्यापुरता हा प्रश्न खरा आहे. नीरेकाठच्या शिरवळसारख्या गावात तो एकाच वेळी तीन बाजूंनी भिडतो : भोवतालच्या शिवारातील शेतकऱ्याच्या बाजूने, तेथील पशुवैद्यक महाविद्यालयात प्राण्याच्या वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या बाजूने आणि शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत दिवसभर मोजमाप व जुळणी करणाऱ्या कामगारांच्या बाजूने. या तिघांपैकी कोणाच्याही रोजच्या कामात ‘भाग बदला म्हणजे दोष जाईल’ हा न्याय चालत नाही. मग रायफलीच्याच बाबतीत तो का चालावा?

रूढ मत चार विधानांत सांगता येते. पहिले, झिरो सरकला म्हणजे दुर्बीण बिघडली. दुसरे, बिघाड टाळायचा तर सगळे स्क्रू असतील नसतील तेवढ्या जोराने आवळावेत. तिसरे, गोळी जिथे चुकेल तिच्या उलट दिशेला दुर्बिणीच्या फिरक्या फिरवीत राहावे, म्हणजे नेम आपोआप जागेवर येतो. चौथे, रानडुक्कर मोठे जनावर आहे, चार बोटे इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. ही चारही विधाने एकमेकांना आधार देतात आणि म्हणूनच ती टिकून आहेत; प्रत्येक वेगळे काढून तपासले तर त्यातले एकही उभे राहत नाही.

पहिल्या विधानाचा निकाल साध्या भूमितीने लागतो. दुर्बीण रायफलीला थेट जोडलेली नसते. रायफलीच्या ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट ज्या पोलादी भागात सरकतो त्यावर, प्रथम एक पट्टी किंवा बैठक स्क्रूंनी बसवितात. तिच्यावर दोन कड्या, म्हणजे रिंगा, येतात आणि त्या कड्यांत दुर्बिणीची नळी धरली जाते. दोन कड्यांमधले अंतर सुमारे १० सेंटिमीटर असते. त्यांपैकी एक कडी दुसरीच्या तुलनेत केवळ ०.१ मिलिमीटरने, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी, सरकली तर दुर्बिणीची दिशा एक हजारांशाने बदलते आणि १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर दूर लागते. दुर्बिणीच्या फिरकीचा एक टप्पा, ज्याला क्लिक म्हणतात, तो बहुधा पाव मिनिट कोनाचा असतो. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो. म्हणजे एका कागदाच्या जाडीएवढ्या हालचालीने जवळजवळ चौदा क्लिकांचा फरक पडतो. गोळी सुटताना बसणारा धक्का दुर्बिणीला क्षणार्धात मागे खेचतो आणि त्या क्षणी तिच्या वजनाच्या कित्येक पट जोर या चार-सहा बारीक स्क्रूंवर येतो. अशा वेळी प्रथम संशय कोणावर घ्यावा? आत बंद असलेल्या, कारखान्यात जुळवून तपासलेल्या भिंगांवर, की बाहेर हाताने बसविलेल्या बैठकीवर?

महाराष्ट्रातील पीकसंरक्षणाच्या परवान्यांवर दिसणाऱ्या रायफलींचा विचार केला तर हा संशय अधिकच बळावतो. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेली .३१५ बोअरची रायफल ही मुळात उघड्या नेमदर्शकांची, म्हणजे मागची खाच आणि पुढची माशी जुळवून नेम धरण्याची, लाकडी दस्त्याची रायफल आहे. जुन्या रायफलींवर दुर्बिणीसाठी तयार भोके नसल्यामुळे ती पाडावी लागतात, आणि हे काम शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना असलेल्या कारागिरानेच करावयाचे असते. भोक किंचित तिरके गेले, आटे अर्धवट पडले किंवा गोलसर ॲक्शनवर सपाट पट्टी टेकविली, तर बैठक पहिल्या दिवसापासून डळमळती राहते. अशा बैठकीवर लाखाची दुर्बीण चढविली तरी ती तिच्याबरोबरच हलणार. किंमत वाढली, डोळ्यासमोरचे चित्र स्वच्छ झाले, पण दोष जिथे होता तिथेच राहिला. आणि आता मालकाला दोष कबूल करणे अधिक जड जाते, कारण त्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात.

दुर्बिणीच्या खालीही संशयित आहेत. ॲक्शन ज्या स्क्रूंनी लाकडी दस्त्यात घट्ट बसते ते सैल असतील, तर ॲक्शन प्रत्येक गोळीबरोबर दस्त्यात वेगळ्या जागी टेकते. लाकूड पावसाळ्यात ओलावा ओढून घेते, फुगते आणि वाकते. दस्त्याचा पुढचा भाग नळीला एका बाजूने दाबू लागला की गोळी त्याच्या विरुद्ध बाजूला सरकते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत साधलेला झिरो श्रावणात हरवतो तो अनेकदा याच कारणाने, आणि दिवाळीनंतर लाकूड वाळले की पुन्हा वेगळ्याच जागी सापडतो. दुर्बीण बदलून लाकडाचा फुगवटा कसा जाणार? काडतुसांचा प्रश्न वेगळाच आहे : एका लॉटची, म्हणजे एकाच वेळी एकाच मिश्रणातून बनलेली, काडतुसे आणि दुसऱ्या लॉटची किंवा वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेली काडतुसे एकाच बिंदूवर लागतील अशी अपेक्षा ठेवण्याला काही आधार नाही. तेलाने माखलेल्या किंवा नुकत्याच साफ केलेल्या थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपासून वेगळी लागू शकते, आणि पातळ नळी सलग गोळ्यांनी तापली की गोळ्या एका दिशेने रांगत जातात. यांतल्या एकाही कारणाचा भिंगाशी संबंध नाही.

महाग भिंगावरील श्रद्धेला खुद्द कोल्हापूरनेच उत्तर दिलेले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे झोपून केलेल्या, नेमबाजीत ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक विजेतेपद पटकाविले, आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांत दुर्बीण वापरण्यास परवानगीच नसते. नेम धरावयाचा तो मागच्या बारीक छिद्रातून आणि पुढच्या कड्यातून, आणि लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. तिथे यश मिळते ते दस्ता, नळी, ॲक्शन, दारूगोळा आणि शरीर यांच्या काटेकोर, दररोज तीच राहणाऱ्या जुळणीमुळे. दुर्बीण लक्ष्य मोठे करून दाखविते. जुळणी घट्ट करीत नाही. जे काम दुर्बीण करीतच नाही, ते तिच्या किमतीच्या प्रमाणात होईल असे मानणे ही सगळ्या गैरसमजाची मुळी आहे.

दुसरे विधान, जितके आवळाल तितके चांगले, हे पहिल्याइतकेच घातक आहे. कड्यांच्या स्क्रूंसाठी उत्पादक जो पीळ सुचवितात तो बहुधा १.७ ते २.३ न्यूटन-मीटर असतो. एक न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका जोर. हा आकडा इतका लहान आहे की ॲलन-कीच्या लांब दांडीवर मनगटाने जोर दिला तर तो कधी ओलांडला गेला हे कळतही नाही. ओलांडल्यावर दोन गोष्टी घडतात : बारीक स्क्रूचे आटे ताणले जाऊन त्याची पकड उलट कमी होते, आणि दुर्बिणीची पातळ ॲल्युमिनियमची नळी चेपली जाते. या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी स्प्रिंगच्या दाबावर तोललेली असते आणि फिरक्या तिलाच हलवितात. बाहेरची नळी चेपली की आतली अडखळते, क्लिक वाजतो पण फुली सरकत नाही, आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने ती अचानक उडी मारते. म्हणजे झिरो टिकावा म्हणून केलेला उपायच झिरो घालवितो, आणि नंतर दोष पुन्हा दुर्बिणीच्या माथी मारला जातो.

शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत जुळणीच्या कामावर असलेल्या कोणत्याही फिटरला हे सांगावे लागत नाही. महत्त्वाचा बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायचा नसतो, त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला पीळ गाठताच सूचना देणारा पाना, वापरायचा असतो, आणि आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ ओढून ठेवायची असते, हे त्याला पहिल्या आठवड्यात शिकवितात. तेच ज्ञान रायफलीला लागू होते. बैठकीचे स्क्रू काढावेत, आटे व भोके स्पिरिटने पुसून तेलाचा अंश घालवावा, स्क्रूला मध्यम पकडीचे, पुन्हा सोडविता येणारे थ्रेड-लॉकर, म्हणजे आटे जागीच धरून ठेवणारा चिकट द्रव, लावावे, कड्यांचे स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे फिरवीत उत्पादकाने दिलेल्या पिळापर्यंत न्यावेत. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर उतरणारी नेलपॉलिशची केसाएवढी बारीक रेघ ओढावी, आणि तशीच एक रेघ कडी व दुर्बिणीची नळी यांच्या सांध्यावर काढावी. दहा गोळ्यांनंतर रेघ जुळलेली राहिली तर जोडणी निर्दोष. रेघ तुटून तिची दोन टोके सरकलेली दिसली तर दोष तिथेच आहे आणि त्याच्यासाठी नव्या दुर्बिणीचा एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. सांध्यावरची रेघ तुटलेली असेल, तर दुर्बीण कड्यांत पुढे घसरते आहे, हेही त्याच वेळी कळते.

तिसऱ्या विधानात, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर फिरक्या फिरविण्याच्या सवयीत, सर्वांत जास्त काडतुसे वाया जातात. स्थिर बांधलेली चांगली रायफलसुद्धा सगळ्या गोळ्या एकाच छिद्रात घालीत नाही. गोळ्यांचा एक पुंजका पडतो. पुंजक्याचा पसारा आणि पुंजक्याचा मध्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : पसारा रायफल, दारूगोळा आणि नेमबाज यांचा गुण सांगतो, तर झिरोचा संबंध फक्त मध्याशी असतो. एका गोळीवरून मध्य ठरत नाही. संख्याशास्त्राच्या साध्या नियमानुसार चार गोळ्यांच्या मध्याची अनिश्चितता एका गोळीच्या निम्मी आणि नऊ गोळ्यांची एक तृतीयांश असते. जो एका गोळीवरून फिरकी फिरवितो तो नेम सुधारत नसून योगायोगाचा पाठलाग करीत असतो. गुणवत्ता-नियंत्रणाचे आचार्य डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी नरसाळ्याच्या प्रयोगातून हेच दाखविले : नरसाळ्यातून गोटी खाली सोडावयाची आणि ती जितकी चुकेल तितके नरसाळे दर वेळी उलट सरकवावयाचे, असे केल्यास गोट्यांचे प्रचरण, म्हणजे विखुरण्याचे वर्गमाप, दुप्पट होते आणि पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. नरसाळ्याला हात न लावणाराच अधिक अचूक ठरतो. ज्या तालुक्यातील कारखान्यांत हा धडा गुणवत्ता विभागात गिरविला जातो, त्याच तालुक्यात रायफलीच्या फिरकीवर बोट ठेवताना तो विसरला का जावा?

याच विधानाच्या पोटात आणखी एक सबब दडलेली असते : चूक डोळ्याची आहे, पॅरॅलॅक्समुळे असे होते. पॅरॅलॅक्स किंवा पराशय म्हणजे डोळा दुर्बिणीच्या मध्यरेषेवरून हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे. हा दोष खरा आहे, पण त्याचे माप काढता येते. ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण ९१ मीटरला, म्हणजे १०० यार्डांना, जुळविलेली असेल आणि लक्ष्य त्याच्या निम्म्या अंतरावर असेल, तर डोळा पार कडेला गेला तरी चूक सुमारे एक सेंटिमीटरपलीकडे जात नाही. ज्याची गोळी वीतभर दूर लागते आहे त्याने पराशयाचे नाव घेणे म्हणजे खऱ्या दोषाकडे पाठ फिरविणे होय.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो वरकरणी वाजवी वाटतो : काडतुसे महाग आहेत, परवान्यावर मोजकीच मिळतात, शेतात चाचणी घेणे कायद्यात बसत नाही, मग एवढी तपासणी करावयाची कशी? आक्षेपातील वस्तुस्थिती बरोबर आहे. निष्कर्ष उलटा आहे. काडतुसे मोजकी आहेत म्हणूनच ती दोष शोधण्यात न घालविता दोष दूर झाल्याची खात्री करण्यासाठी राखून ठेवली पाहिजेत, आणि निम्म्याहून अधिक तपासणी एकही गोळी न झाडता होते. रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा, ती वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवावी, मागून नळीच्या पोकळीतून पन्नासएक मीटरवरची खूण मध्यभागी आणावी आणि रायफल न हलविता फुली कुठे आहे हे पाहावे. मग कड्यांवर बोटाने दाब द्यावा, दस्त्यावर तळहाताने हलकी थाप मारावी आणि पुन्हा पाहावे. फुली सरकली तर सैलपणा सापडला. दूरवर चौकटीचा कागद लावून फिरकी वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली नेली असता फुली चौकोन काढून मूळ जागी परतली पाहिजे. परतली तर आतली यंत्रणा ठीक आहे. नळी आणि दस्त्याच्या पुढील भागामधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. नळी मोकळी ठेवलेल्या दस्त्यात ती जिथे अडेल तिथे लाकूड नळीला टेकते आहे. एवढे झाल्यावर परवानाप्राप्त नेमबाजी केंद्रावर, त्याच लॉटच्या काडतुसांनी, नळीला थंड होऊ देत, पाच-पाच गोळ्यांचे दोन पुंजके पाडले की उरलेला निर्णय होतो. यांतले कोणते पाऊल सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेरचे आहे?

दुर्बीण खरोखर दोषी असते तेव्हा ती स्वतःच सांगते. चौकोन काढून फुली परत येत नाही, क्लिक वाजूनही ती हलत नाही, आतल्या बाजूने वाफ धरते म्हणजे वायूबंद सील फुटलेले असते, किंवा दुर्बीण कानाशी हलविली असता आत काही खुळखुळते. स्प्रिंगच्या एअर रायफलीवर हे विशेष घडते, कारण तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो आणि केवळ मागच्या धक्क्यासाठी बनविलेल्या दुर्बिणीच्या आतली जुळणी तो मोडतो. या खुणा दिसल्या तर दुर्बीण अवश्य बदलावी. परंतु त्या पाहिल्यावर बदलणे आणि न पाहता बदलणे यांत निदान आणि तर्कट यांच्याइतके अंतर आहे.

भुलीच्या बंदुकीच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते, आणि शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या गावात तिचा उल्लेख टाळता येणार नाही. बिबट्याला बेशुद्ध करण्यासाठी औषध भरलेली सुई, म्हणजे डार्ट, दाबाखालच्या वायूने फेकणाऱ्या बंदुकीवरही नेमदर्शक असतो. पण डार्टचा वेग रायफलीच्या गोळीच्या तुलनेत अत्यंत कमी असल्याने तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो आणि नेम अंतर, वायूचा दाब व डार्टचे वजन या तिन्हींवर अवलंबून राहतो. बंद टाकीतील कार्बन डायऑक्साइडचा दाब २० अंश सेल्सियसला सुमारे ५७ बार, तर ३० अंशांना सुमारे ७२ बार असतो. म्हणून दाबमापक न वाचता केवळ टाकीवर विसंबणाऱ्याचा नेम माघातल्या पहाटे आणि वैशाखातल्या दुपारी एक राहू शकत नाही. डार्ट कमी जोराने गेली तर औषध आत जात नाही, जास्त जोराने गेली तर मांडीच्या स्नायूत न थांबता हाड मोडते. ज्या पशुवैद्यकाच्या हातात जनावराचा जीव असतो त्याने नेमदर्शकाला दोष देऊन मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल काय? मग जो मारण्याची परवानगी घेऊन उभा आहे त्याच्याकडून कमी काटेकोरपणाची अपेक्षा कोणत्या न्यायाने ठेवावयाची?

राहिले चौथे विधान : मोठे जनावर, चार बोटांनी काय बिघडते. रानडुकराच्या देहाचा आकार मोठा असला तरी तत्काळ मृत्यू आणणारा हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम वीतभर असतो. १०० मीटरवर १० सेंटिमीटरने सरकलेला झिरो ५० मीटरवर पाच सेंटिमीटरची चूक देतो, हे खरे. पण ती चूक एकटी येत नाही. तिच्यात रायफलीचा पसारा, श्वासाने हलणारा हात, अंधूक उजेड आणि चालत्या जनावराची हालचाल मिळते, आणि सगळ्या चुका एका दिशेला पडल्या की गोळी पोटात किंवा जबड्यात लागते. जखमी डुक्कर उसात शिरते, दिवसेंदिवस कुजत मरते, आणि त्यादरम्यान पहाटे पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या अंगावर येते. गोळी डुकराला चुकून पुढे गेली तर रायफलीची गोळी दीड-दोन किलोमीटरपलीकडेही जीव घेऊ शकते, आणि नीरेच्या खोऱ्यात एवढ्या अंतरात वस्ती, ऊसतोड कामगारांची पाले आणि पुणे-सातारा महामार्ग यांपैकी काही ना काही असतेच. परवानगीचा कागद मारण्याची मुभा देतो. हाल करण्याची मुभा कोणताही कायदा देत नाही. ‘चालते’ या एका शब्दावर दुसऱ्याचा जीव, मग तो माणसाचा असो वा जनावराचा, तोलण्याचा अधिकार परवानाधारकाला कोणी दिला?

चारही विधानांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे : दोष शोधण्याचे कष्ट टाळून दोष विकत घेतलेल्या वस्तूवर ढकलावयाचा आणि नवी वस्तू विकत घेऊन समाधान मानावयाचे. झिरो हा दुर्बिणीचा गुणधर्म नाही. तो नळी, ॲक्शन, दस्ता, बैठक, कड्या, दुर्बीण, काडतूस आणि नेमबाज या संपूर्ण साखळीचा गुणधर्म आहे, आणि साखळी जिथे कमजोर असेल तिथेच ती तुटते. म्हणून तपासणीचा क्रमही ठरलेला आहे : आधी काडतुसे आणि नळी, मग दस्त्याचे स्क्रू, मग बैठक, मग कड्या आणि सर्वांत शेवटी दुर्बीण. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदल लिहून ठेवावा आणि पुंजक्याने तो पडताळावा. दुर्बीण विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला आधी बैठक दाखविण्यास सांगावे. पीकसंरक्षणासाठी परवानगी देणाऱ्या यंत्रणेने परवान्याइतकीच झिरो तपासल्याची नोंदही पाहावी. आणि परवानाधारकाने स्वतःशी हा नियम बांधून घ्यावा की ज्या रायफलीने गेल्या दोन पुंजक्यांत आपला मध्य राखलेला नाही, ती कोणत्याही जिवंत प्राण्यावर रोखली जाणार नाही. हा नियम पाळणे ज्याला जड वाटते, त्याने रायफल कपाटातच ठेवावी.